दुसऱ्या दिवशीची सकाळ कोणाची?

‘ताई, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. वय २७. एका फँटसी मालिकेच्या लेखनाच्या टीममध्ये आहे. आम्ही पाच जण, त्यात मी एकटी मुलगी. कल्पनेतलं राज्य, जादू, ड्रॅगन, दहा एपिसोड. नायिका सेनापतीची मुलगी, शेवटी गादीवर बसते. चौथ्या एपिसोडमध्ये शत्रूचा सरदार तिच्यावर बलात्कार करतो आणि तिथून ती तलवार हातात घेते, असं ठरलंय. मी विचारलं, याची गरज काय? उत्तरं आली, त्या काळी असंच व्हायचं. खलनायक क्रूर वाटला पाहिजे. यातून गेल्याशिवाय ती कणखर कशी होणार? मग एकाने विचारलं, “तुझ्याबाबतीत काही झालंय का?” मी गप्प बसले. सीन माझ्याच वाट्याला आलाय, कारण म्हणे “बाईने लिहिलेला बरा दिसेल”. माझं हे पहिलं मोठं काम आहे. सोमवारी मीटिंग आहे. मी उगाच हळवी होतेय का? – अ.’

प्रिय अ.,

आधी त्या सहकाऱ्याच्या प्रश्नाबद्दल. त्याचं उत्तर तू त्या खोलीत द्यायचं नाहीस. उत्तर हो असलं तरी नाही आणि नसलं तरी नाही. तू लेखनाबद्दल मत दिलंस, आणि मताला आधार म्हणून कोणाला आपलं आयुष्य टेबलावर मांडावं लागू नये. लढाईचा सीन लांबलाय असं म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू कधी लढाईत जखमी झाला होतास का. पुन्हा कोणी विचारलं तर आवाज न चढवता एवढंच म्हण, ‘आपण सीनबद्दल बोलू.’ आणि खरंच काही घडलेलं असेल, हा सीन लिहायला बसल्यावर ते वर येत असेल, तर हा सीन तुझ्या हातून लिहिला जाऊ नये. तो दुसऱ्या कोणालातरी द्यायला सांग, कारण सांगत बसू नकोस. ज्या माणसाजवळ मोकळं होता येतं त्याच्याशी बोल, किंवा समुपदेशकाशी. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

आता हळवेपणाबद्दल. तुला जे खटकलं ते कथेतलं भोक आहे, असं माझं मत आहे. नायिकेने तलवार का उचलावी याचं कारण तुमच्या टीमला चौथ्या एपिसोडपर्यंत सापडलेलं नाही, आणि जे सगळ्यात हाताशी होतं ते उचललं गेलं. हे मी त्यांच्यावर राग धरून म्हणत नाही. मीही तेच केलं आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली. एका काल्पनिक राजघराण्याच्या मालिकेवर मी काम करत होते. नायकाची धाकटी बहीण तिसऱ्या भागात मरते, मरण्याआधी तिची विटंबना झालेली असते, आणि तिच्या देहाशेजारी बसून तो शपथ घेतो. शपथेचे संवाद मी एका रात्रीत लिहिले. दीड पान. त्यांचं कौतुकही झालं. शूटिंगच्या दिवशी त्या बहिणीचं काम करणारी मुलगी माझ्याजवळ आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. कपाळावर मेकअपचं रक्त सुकलेलं, हातात माझी पानं. म्हणाली, ‘ताई, मी मरायच्या आधी काय करत होते?’ मी म्हटलं, ‘महालात होतीस.’ ‘महालात काय करत होते?’ मला सांगता येईना. तिच्यासाठी त्या सगळ्या मजकुरात मी दोनच शब्द लिहिले होते, ‘निपचित पडलेली’. ती दिवसभर फरशीवर तशी पडून राहिली आणि कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे जात राहिला. तिला थंडी वाजत होती, दोन टेकच्या मध्ये कोणीतरी शाल टाकायचं. तिचा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

या प्रकाराला नाव आहे. १९९४ साली ‘ग्रीन लँटर्न’ या कॉमिकच्या ५४व्या अंकात नायक काइल रेनर घरी येतो आणि त्याची मैत्रीण अलेक्झांड्रा हिचा मृतदेह त्याला फ्रिजमध्ये कोंबलेला सापडतो. गेल सिमोन, जी पुढे स्वतः नावाजलेली कॉमिक लेखिका झाली, तिने १९९९ मध्ये अशा स्त्री-पात्रांची यादीच केली. कोणाला मारून टाकलेलं, कोणावर बलात्कार झालेला, कोणाच्या शक्ती काढून घेतलेल्या. यादी लांबत गेली. तेव्हापासून नायकाला पेटवण्यासाठी बाई संपवणं म्हणजे ‘फ्रिजिंग’. नाव मिळून बावीस वर्षं झाली, तरी २०२१ मध्ये ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेच्या पहिल्याच भागात पेरिन या तरुणाच्या हातून झटापटीत त्याची बायको लेला मारली गेली. मूळ कादंबऱ्यांत त्या वेळी पेरिनला बायकोच नाही. त्याच्या मनात हिंसेची धास्ती बसावी म्हणून एक बाई जन्माला घातली आणि त्याच भागात संपवली. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसणार. सवय हेतूच्या आधी हात चालवते.

तुमच्या सीनसाठी माझी एकच कसोटी आहे. दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहून बघ. रात्र संपली, उजाडलं. कथा कोणाबरोबर जागी होते?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ तुझ्या टीमला तोंडपाठ असणार, म्हणून तेच घेऊ. १७ मे २०१५ ला दाखवलेल्या, पाचव्या सीझनच्या सहाव्या भागात सान्सा स्टार्कचं रॅम्सी बोल्टनशी लग्न होतं आणि त्याच रात्री तो तिच्यावर बलात्कार करतो. तिच्या माहेरी वाढलेल्या आणि आता रॅम्सीचा गुलाम झालेल्या थिऑनला तो तिथेच उभं राहून बघायला लावतो. शेवटी कॅमेरा सान्सावरून सरकतो आणि थिऑनच्या रडवेल्या चेहऱ्यावर थांबतो. तिचा फक्त आवाज येत राहतो. तिचं शरीर दाखवलं नाही हे बरं केलं, असं तेव्हा काही जण म्हणाले आणि त्यात तथ्य आहे. पण मग चेहरा कोणाचा दिसला? पुढच्या भागांतला मोठा प्रश्न असा होतो की थिऑन धीर गोळा करतो का, तिला सोडवतो का. सकाळ थिऑनची झाली.

मूळ कादंबरीत रॅम्सीशी सान्साचं लग्न होतच नाही. ते होतं जेन पूल या दुसऱ्याच मुलीचं. आणि मालिकेतली सान्सा चौथ्या सीझनच्या अखेरीला कुठे पोचली होती आठव. सरदारांसमोर बेमालूम खोटं बोलून तिने लिटलफिंगर या कारस्थानी दरबाऱ्यालाच आपल्या उपकारात ठेवलं होतं. ती डाव खेळायला शिकली होती, तेही कोणी तिच्यावर अत्याचार न करता. तिला तिथून उचलून त्या खोलीत नेलं ते पटकथेने. मग चार वर्षांनी, मे २०१९ मध्ये, तिच्याच तोंडी असा संवाद आला की लिटलफिंगर, रॅम्सी वगैरे लोक भेटले नसते तर मी जन्मभर छोटं पाखरूच राहिले असते. अभिनेत्री जेसिका चॅस्टेनने त्यावर उघड आक्षेप घेतला होता, की पात्राला कणखर करायचं साधन म्हणून बलात्कार वापरू नका.

तुमच्या खोलीतलं तिसरं उत्तर हेच आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो आणि म्हणताना टाकी मूर्तिकाराच्या हातात आहे हे गृहीत धरतो. रॅम्सीला मूर्तिकार म्हणायचं का? तुमच्या सरदाराला म्हणायचं का? अत्याचारानंतर उभ्या राहिलेल्या बायका असतात, खूप असतात. त्या उभ्या राहतात त्या त्यांच्या अंगात आधीपासून जे होतं त्याच्या बळावर, नाहीतर पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांच्या बळावर. श्रेय अत्याचाराला दिलं की लेखकाने त्या माणसाला गुरुस्थानी बसवलं असं होतं.

सकाळ बाईची कशी होते, हे ‘जेसिका जोन्स’च्या पहिल्या सीझनमध्ये बघ. नोव्हेंबर २०१५, म्हणजे सान्साच्या त्या भागानंतर सहा महिन्यांनी. किलग्रेव्ह नावाचा माणूस नुसत्या शब्दाने कोणाच्याही मनाचा ताबा घेतो. त्याने जेसिकाला तसंच ताब्यात ठेवलं होतं. तो बलात्कार मालिकेत कुठेही दाखवलेला नाही. मालिका सुरू होते तेव्हा ते सगळं होऊन गेलेलं आहे. आपल्याला दिसतं ते एवढंच. मध्येच तिचा श्वास अडकतो आणि ती लहानपणच्या घराजवळच्या रस्त्यांची नावं पुटपुटायला लागते. मेन स्ट्रीट, बर्च स्ट्रीट, हिगिन्स ड्राइव्ह, कोबाल्ट लेन. हातांनी भिंती फोडणारी बाई चार रस्त्यांच्या नावांना धरून उभी राहते. पुढे ती त्याच्या तोंडावर ‘बलात्कार’ हा शब्द उच्चारते, तेव्हा तो म्हणतो की मला हा शब्द आवडत नाही. खलनायक किती भयंकर आहे हे मला त्या एका वाक्यात कळलं.

आणि त्यासाठी इतकं लांब जायलाही नको. द्यूतसभेत द्रौपदीला केसांना धरून ओढत आणतात. त्या प्रसंगाच्या मधोमध काय आहे? तिचा प्रश्न. आधी स्वतःला हरलेला माणूस मला पणाला कसा लावू शकतो? भीष्मांसारखा माणूस धर्म सूक्ष्म आहे म्हणून अडखळतो. वस्त्र तिचं ओढलं जातं आणि उघडी पडते ती सभा. पुढे भीम प्रतिज्ञा करतो, युद्ध होतं, सगळं खरं. पण तो प्रश्न अजून तिच्याच नावावर आहे.

‘त्या काळी असंच व्हायचं.’ कुठल्या काळी? ड्रॅगनच्या? तुमच्या राज्याचा काळ तुम्ही पाच जणांनी ठरवलेला आहे. तिथे जादूने जखमा भरत असतील तर मुलगी रात्री निर्धास्त चालू शकते असंही ठरवता येतं. तरीही हा युक्तिवाद मी झटकून टाकणार नाही, कारण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या कादंबऱ्यांवर बेतली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीही आपल्या कादंबऱ्यांच्या बाजूने असंच म्हटलं आहे, की आजवरच्या युद्धांत लैंगिक हिंसा होतच आली आहे आणि ती वगळून युद्ध रंगवणं अप्रामाणिकपणाचं होईल. ठीक. मग प्रामाणिकपणा पूर्ण असू दे. जुन्या युद्धांत तलवारीपेक्षा छावणीतल्या रोगराईने जास्त सैनिक मरायचे. तुमच्या दहा एपिसोडमध्ये हगवणीने मेलेला एखादा सरदार आहे का? लैंगिक अत्याचार पुरुष कैद्यांवरही झालेले आहेत. ‘आउटलँडर’ या मालिकेने २०१५ मध्येच तो विषय घेतला, आणि नायक जेमीचं त्यानंतरचं कोसळणंही दाखवलं. इतिहासातून एकच गोष्ट उचलायची, तीही प्रत्येक वेळी बाईच्याच अंगावर घालायची, तर ती इतिहासाची गरज नव्हे. निवड आपली असते आणि ती आपली म्हणून कबूल करावी लागते.

खलनायकाच्या क्रौर्याचं म्हणशील तर पुन्हा ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधलीच रॉस आठव. कादंबऱ्यांत नसलेलं, मालिकेसाठी घडवलेलं पात्र. देहविक्री करणारी मुलगी, हळूहळू राजधानीतल्या हेरगिरीत शिरलेली, बघण्यासारखी होत चाललेली. तिसऱ्या सीझनमध्ये एका क्षणात तिचा पलंगाला बांधलेला, बाण घुसलेला देह दिसतो. मारणारा तरुण राजा जॉफ्री. जॉफ्री क्रूर आहे हे आपल्याला पहिल्या सीझनमध्येच, सान्साच्या वडिलांचं, नेडचं डोकं उडवलं तेव्हा कळलं होतं. रॉसच्या देहाने त्यात काय भर पडली? एक पात्र तेवढं कमी झालं.

याच्या शेजारी त्याच जगातल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेचा आठवा भाग ठेव, २०२२ चा. राजपुत्र एगॉनने डायाना या दासीवर बलात्कार केलेला आहे. तो पडद्यावर नाही. पडद्यावर आहे ती राणी अ‍ॅलिसेंटसमोर उभी राहून थरथरत सगळं सांगणारी मुलगी. राणी तिला जवळ घेते, माझा तुझ्यावर विश्वास आहे म्हणते. मग बाकीचे काय म्हणतील हे हळूच सुचवते. मग पैसे देते. मग गर्भ राहू नये म्हणून एक पेय पुढे करते. मला तो सीन बघताना पोटात गोळा आला, कारण अ‍ॅलिसेंट दुष्ट नाही. तिचं घर असंच चालतं आणि ते चालवणं तिचं काम आहे. खलनायक एकटा नसतो. त्याच्यासाठी दार लोटून घेणारे हात असतात, ते दाखवले की त्याचं वजन आपोआप वाढतं. (याच मालिकेच्या पहिल्या भागात मूल बाहेर काढायला राणी एमाचं पोट तिला न विचारता फाडतात आणि मध्ये मध्ये बाहेरची स्पर्धा दाखवत राहतात. त्या सीनबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. एमाची भीती त्यात खरी आहे, पण ती गेल्यावर उरतो तो राजाचा शोक.)

अत्याचार दाखवूच नका, असं मी म्हणत नाही हे तुला कळलं असेल. तो विषय लिहिला गेलाच पाहिजे, आणि नीट लिहिला गेला पाहिजे. म्हणून कोणी ‘हे सेन्सॉरशिप आहे’ म्हणालं तर गोंधळू नकोस. कुठला सीन ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ठरवण्यासाठीच तुम्हा पाच जणांना पगार मिळतो.

सोमवारी काय करायचं? वाद घालायला जाऊ नकोस. चौघांपुढे एकटी वाद घालत बसलीस की विषय सीनवरून तुझ्यावर येईल, एकदा आलाच आहे. पानं घेऊन जा. पाचव्या एपिसोडचा पहिला सीन, त्या सकाळचा, लिहून सगळ्यांना वाचायला दे आणि मग विचार की चौथ्यातला सीन काढला तर पुढे नेमकं काय तुटतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तिचं मोटिव्हेशन.’ त्यासाठी दुसरं काहीतरी तयार ठेव. सेनापतीची मुलगी आहे ना ती? बापाच्या सैन्याचे पगार किती महिन्यांपासून थकलेत, कुठली तुकडी फितूर व्हायच्या बेतात आहे, हे घरात फक्त तिला माहीत असू शकतं. सरदार तिच्याकडून बापाच्या शरणागतीचा कागद वाचून घेतो आणि वाचता वाचता तिच्या लक्षात येतं की आकडे खोटे आहेत. हे मला बसल्या बसल्या सुचलं. तू त्या जगात महिनोन्‌महिने राहते आहेस, तुला याहून चांगलं सुचेल.

सीन राहिलाच, तर एक गोष्ट कागदावर स्पष्ट असू दे. कॅमेरा काय बघतो, काय बघत नाही, आणि काय घडतं आहे. हे मोघम ठेवलं की काय होतं याचं उदाहरण २०१४ चं आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या चौथ्या सीझनच्या तिसऱ्या भागात मुलाच्या शवाशेजारी राणी सर्सी आणि तिचा भाऊ व प्रियकर जेमी. सर्सी नको नको म्हणत राहते. कादंबरीत ती शेवटी होकार देते. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स ग्रेव्ह्ज यांनी सांगितलं की शेवटी शेवटी ते संमतीचं होतं. प्रेक्षकांनी पाहिला तो बलात्कार. आणि पुढच्या भागापासून जेमीची सुधारणा पूर्वीसारखीच चालू राहिली, जणू काही झालंच नाही. आपण काय चित्रित करतो आहोत हेच करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, याहून वाईट काय असेल?

त्याचबरोबर शूटिंगसाठी इंटिमसी को-ऑर्डिनेटर मागा, म्हणजे असे सीन कलाकारांच्या संमतीने आणि सुरक्षितपणे होतात ना हे बघणारी व्यक्ती. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ काढणाऱ्या एचबीओ वाहिनीने २०१८ मध्ये ‘द ड्यूस’ या मालिकेपासून हे सुरू केलं आणि मग आपल्या सगळ्या मालिकांमधल्या अशा सीनसाठी लागू केलं, त्यामुळे ही काही जगावेगळी मागणी नाही. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला हा सीन करार करण्याआधी वाचायला मिळाला पाहिजे, हेही बोल. हे बोलायला लेखकाला कोणी सांगत नाही. तू बोल.

‘बाईने लिहिलेला बरा दिसेल’ हे मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. त्याचा अर्थ असा की उद्या कोणी आक्षेप घेतला तर तुझं नाव पुढे करता येईल. तिथे ठाम राहा. हा सीन मी लिहायचा असेल तर पाचवा आणि सहावा एपिसोडही माझा, असं सांग. ते मान्य नसेल तर चौथ्यावरही माझं नाव नको. दोन्ही गोष्टी शांतपणे आणि लेखी. मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी चार ओळींची मेल टाक, काय ठरलं आणि माझं मत काय होतं. भांडण नाही, नोंद. आणि त्या चौघांपैकी एखादा असा असेल जो त्या दिवशी काहीच बोलला नाही. त्याला मीटिंगच्या आधी गाठ. गप्प बसणाऱ्यांतले निम्मे तुझ्याच बाजूचे असतात, हा माझा अनुभव आहे.

इतकं करून ऐकलं नाही तर नोकरी सोडावी का, हे मी सांगणार नाही. पहिलं मोठं काम आहे, घरखर्च असेल, तो मी भरणार नाही. राहिलीस तरी तू कोणाचा विश्वासघात केला असं होत नाही.

सोमवारला अजून दोन दिवस आहेत. ती सकाळ लिहायला घे. सुरुवातीलाच तिला झोपेतून उठवू नकोस, ती झोपलीच नसेल. खोलीत पाणी आहे का बघ. दार आतून लागतं का बघ. पहिल्यांदा कोण आत येतं, आणि ती त्या माणसाला काय विचारते, तेवढं लिही. पानं मला पाठवलीस तर मी वाचेन.

तुझी,
ताई